पडद्यावरचे हसू

दिवाळी सरली की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक. नाटक पाहून परतणारी मंडळी वाटभर त्यातील सुखदुःखाविषयी बोलत असतात. जे घरात उघडपणे बोलवत नाही, ते नाटकातील पात्राच्या निमित्ताने बोलता येते. चित्रपटाचेही तसेच आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली 'श्यामची आई' पडद्यावर आणला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला चित्रपट ठरला. शिक्षकाच्या हाती चित्रपट हे मोठे साधन आहे, हे तेव्हापासून आपण जाणतो. साधन म्हटले की त्याला धारही असावयाचीच.

मूल शाळेत का येत नाही, वर्गात एकटे का बसते, याचा शोध त्याच्या घरापर्यंत जाऊन घेणे, यास शालेय समाजकार्य म्हणतात. समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण आपल्या देशात १९३६ साली मुंबईत सुरू झाले. गोंदिया जिल्ह्यातील खेड्यात मात्र हे काम बहुधा शिक्षकालाच करावे लागते. मीही ते केले आणि त्यात एकदा मोठी चूक केली.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' हा २०१३ सालचा चित्रपट. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्या हा शाळकरी मुलगा. गावातील डुकरे पकडण्याचे काम त्याच्या घरच्यांच्या वाट्यास आलेले. शाळेजवळच ते करण्याची पाळी येते, तेव्हा त्याचे सोबती पाहून हसतात. या चित्रपटाची वर्तमानपत्रातील स्तुती वाचून, स्वतः आधी न पाहता, मी तो एका पावसाळ्यात नववीच्या वर्गास दाखविला. आणि आपण कचेरीत पगारपत्रके तपासत बसलो.

हसण्याचा कल्लोळ कचेरीपर्यंत आला. मुले रमली, असे मला वाटले!

दुसऱ्या दिवसापासून एक मुलगा शाळेत येईना. त्याच्या घरी डुकरे पाळीत. मुलांनी त्यास नवे नाव दिले होते. कोणते, हे सांगावयास नको.

चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई रोवणीवरून नुकतीच परतली होती. पाय चिखलाने भरलेले. "गुरुजी, तुमीच दाखवलं ना ते?" एवढेच ती बोलली. मुलगा दाराआड उभा होता. मी त्याची क्षमा मागितली आणि विचारले, "तो प्रसंग वर्गास पुन्हा दाखवू का? तू नको म्हणालास, तर नाही." बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "दाखवा. पण मी त्या दिवशी येणार नाही."

या वेळी मी आधी चित्रपट दोनदा पाहिला. शनिवारी वर्गासोबत बसलो. हसणारी मुले पडद्यावर येताच चित्र थांबविले आणि विचारले, "यांत तुम्ही कोठे आहात?" कोणी बोलेना. अखेर एक मुलगी म्हणाली, "सर, परवा आम्हीही असेच हसलो." पुढे जब्या दगड भिरकावतो, तो थेट पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. वर्गात अगदी शांतता होती.

सोमवारी तीन मुले त्याच्या घरी गेली. तेथे काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही. बुधवारी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'हजर' लिहिले गेले. ते दुसरे नाव मैदानावर आणखी काही दिवस अधूनमधून ऐकू येई. पुढे तेही थांबले.