नाव एकदाच हलवावं

भाचीबाई, साड्या आणि दागिने तुझी आई बघतेच आहे. कागदांचं मात्र माझ्याकडून ऐकून घे. होणारा नवरा अमेरिकेचा नागरिक, तुझ्याकडे भारतीय पासपोर्ट. म्हणजे पुढची काही वर्षं तुझं नाव दोन देशांच्या खात्यांमधून फिरणार. इथे न्यू जर्सीत नव्याने आलेल्या सुना फायली घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसतात, आणि बहुतेकींची अडचण एकच असते: लग्नानंतर नाव अर्धं बदललं, अर्धं राहिलं. म्हणून आधी मुख्य गोष्ट सांगते. नाव बदल, नाहीतर बदलू नकोस. दोन्ही चालतं. पण बदलायचं असेल तर अर्ज करण्याआधी, आणि एकदाच.

पहिल्यांदा मनातून एक भीती काढून टाक. लग्न झालं की पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम भारतात नाही, आणि नवऱ्याचं आडनाव लावलं नाही म्हणून अमेरिकेत कुणी ग्रीन कार्ड अडवत नाही. ‘आडनावं वेगळी दिसली तर लग्न खोटं वाटेल’ असं सांगणारे चुलत-मावस नातेवाईक तुला भेटतीलच. त्यांना हसून चहा दे. लग्न खरं आहे का, हे तिथला अधिकारी दोघांच्या नावावरचा घरभाडे करार, बँकेतलं सामायिक खातं, एकत्र भरलेला कर, विम्यावरची नावं यांवरून पाहतो. ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर ते दोन वर्षांचं, अटींवरचं मिळतं. त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अर्ज भरावा लागतो, आणि तिथेही हेच पुरावे लागतात. तेव्हा आडनावाचा निर्णय तुझ्या मनाने घे, व्हिसाच्या धाकाने नको.

दुसरं म्हणजे पासपोर्ट हा मूळ कागद धर. व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने निघतो. त्या व्हिसावरून विमानतळावर प्रवेशाची नोंद होते. परदेशी माणसाचं सोशल सिक्युरिटी कार्ड इमिग्रेशनच्या कागदावर असेल त्या नावाने बनतं, आणि गाडीच्या लायसन्सचं ऑफिसही तीच सरकारी नोंद तपासतं. ही सगळी उतरंड आहे. खालचं मडकं बदलायचं तर वरची सगळी उतरवावी लागतात. अमेरिकेत आल्यावर आधी बँकेत नवं नाव, मग लायसन्सवर, पासपोर्टचं नंतर बघू, असा उलटा क्रम काही जणी धरतात आणि प्रत्येक खिडकीवर परत पाठवल्या जातात.

आता वेळेचं. तुमच्यापुढे दोन वाटा असू शकतात, तिसरी तुझ्या मैत्रिणीसारख्यांची, आणि प्रत्येकीचं गणित निराळं आहे.

लग्न पुण्यात करून नवरा तुझ्यासाठी आय-१३० हा अर्ज भरणार असेल, तर नोंदणी होताच ठरव. नाव बदलायचं असेल तर आधी पासपोर्ट नव्याने काढ आणि अर्ज त्याच नावाने जाऊ दे. या वाटेवर मुलाखत मुंबईला, बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये होते, आणि ज्या नावाने व्हिसा तेच नाव ग्रीन कार्डवर छापलं जातं. नंतर कार्डावरचं नाव बदलायला आय-९० हा वेगळा अर्ज आणि वेगळी फी. आणि डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म भरून झाल्यावर मध्येच पासपोर्ट बदलू नकोस. बदलावाच लागला तर कळवून तो फॉर्म पुन्हा उघडून घ्यायचा, नवा पासपोर्ट आणि लग्नाचं प्रमाणपत्र जोडायचं, आणि जुना पासपोर्ट मुलाखतीला सोबत न्यायचा. गप्प बसून खिडकीवर नवं नाव सांगणं सगळ्यात वाईट.

दुसरी वाट वाग्दत्त वधूच्या के-१ व्हिसाची. त्यात अमेरिकेत पोचल्यापासून ९० दिवसांत लग्न करावं लागतं, आणि मग आय-४८५ भरून ग्रीन कार्ड मागतात. इथे सोय अशी, की पासपोर्ट माहेरच्या नावाचा असला तरी लग्नाच्या प्रमाणपत्राच्या आधारावर आय-४८५ सासरच्या नावाने भरता येतो. पासपोर्ट मग सवडीने अमेरिकेतल्या भारतीय वकिलातीमार्फत बदलता येतो. ते अर्ज व्हीएफएस ही कंपनी स्वीकारते. सवडीने म्हणजे पुढच्या भारतवारीच्या आधी, एवढं ध्यानात ठेव.

तिसरी वाट तुझ्या मैत्रिणीची. तिचा नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि ती त्याची पत्नी म्हणून एच-४ वर. तिने माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर व्हिसा घेतला आणि नंतर पासपोर्टवर नाव बदललं. लग्नाने नाव बदलून नवा पासपोर्ट घेतला असेल, तर नवा व्हिसाही घ्यावा अशी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची शिफारस आहे. तो मिळेपर्यंत जुना पासपोर्ट, नवा पासपोर्ट आणि लग्नाचं प्रमाणपत्र, तिन्ही हातसामानात. चेक-इनच्या बॅगेत नाही.

आता येऊ मधल्या नावाकडे. आपल्या मराठी नावाची खरी मेख तिथे आहे. दुसऱ्यांकडे लग्नात आडनाव बदलतं. आपल्याकडे वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आडनाव बदलतं, आणि काही घरांत तबकातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावही बदलतात. म्हणजे तिन्ही भाग नवे. मराठी माणसाला ते एका नजरेत कळतं. इमिग्रेशनच्या संगणकाला मात्र ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात.

त्यात पासपोर्टवर दोनच रकाने असतात, आडनाव आणि ‘गिव्हन नेम’. वडिलांचं नाव तुझ्या नावाला जोडून ‘गिव्हन नेम’मध्येच बसलेलं असतं. डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्ममध्येही असेच दोन रकाने. पण आय-१३० मध्ये पहिलं, मधलं आणि शेवटचं असे तीन. कुणी वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात लिहितं, कुणी मधल्या, कुणी गाळून टाकतं. तू एकदा ठरव, एका कागदावर लिहून फ्रिजवर लाव, आणि तू, नवरा, वकील असे तिघेही प्रत्येक फॉर्मवर तसंच लिहा. पासपोर्टवर आहे ते नाव कुठेही गाळायचं नाही.

लग्न अमेरिकेत करणार असाल तर आणखी एक पाहून ठेव. काही राज्यांत विवाहाच्या लायसन्सच्या अर्जावरच नवं नाव लिहायची सोय असते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया त्यांतली. पण कॅलिफोर्नियात २००९ पासून लागू असलेल्या कायद्यात मधल्या नावासाठी ठरावीक पर्याय आहेत, आणि ते सगळे आडनावांचे किंवा आडनाव जोडून केलेले. नवऱ्याचं पहिलं नाव मधे घालायचं, ही आपली रीत त्या यादीत बसत नाही. तसं हवंच असेल तर कोर्टात स्वतंत्र अर्ज करावा लागतो. म्हणून माझं मत विचारशील, तर वडिलांचं नाव आहे तिथे राहू दे. वाटलं तर आडनाव बदल, तेवढं प्रमाणपत्रावर निभतं. पहिलं नाव तर मुळीच बदलू नकोस. लग्नाचं प्रमाणपत्र पहिलं नाव बदलल्याचा पुरावा म्हणून पुरत नाही. मग राजपत्रात नाव छापून आणणं, प्रतिज्ञापत्रं, असा सगळा घोळ सुरू होतो.

लग्नाची नोंदणी करताना घाई करू नकोस. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाखाली नोंदणी होते, शहरात महापालिकेच्या विभागीय कार्यालयात. गुरुजींची सही आणि हॉलची पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. परदेशी कामाला निबंधकाचंच प्रमाणपत्र लागतं. अर्जावर तुझं माहेरचं नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर घाल, नवऱ्याचं त्याच्या अमेरिकन पासपोर्टप्रमाणे. ‘ज्ञ’ आला की हमखास गोंधळ: कुणी डीएनवाय लिहितं, कुणी जीएनवाय. दीर्घ ‘ई’ कुठे एका आयने, कुठे दोन ईंनी. खिडकीसमोरच उभं राहून मसुदा वाच, बाहेर पडल्यावर नाही. आणि साक्षांकित प्रती जास्तीच्या घेऊन ठेव. मूळ प्रमाणपत्र कुठल्याही अर्जासोबत टपालाने पाठवायचं नाही, तसं स्पष्ट मागितलं असेल तरच. प्रमाणपत्रात मराठी मजकूर असेल तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. सरकारी भाषांतरकारच हवा असं नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने, भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला ते करण्याइतकी भाषा येते, असं लिहून सही केली की चालतं.

बहुतेक फॉर्मवर ‘पूर्वी वापरलेली इतर नावं’ असा एक रकाना असतो. बऱ्याच जणी तो रिकामा सोडतात. खरं तर लपवल्यासारखं होऊ नये म्हणून तोच पहिल्यांदा भरायचा. माहेरचं पूर्ण नाव लिही. शाळेच्या दाखल्यावर वेगळं स्पेलिंग असेल तर तेही लिही. तांदळात लिहिलेल्या नावाने सासरची मंडळी पत्रव्यवहार करत असतील तर तेही. इथे जास्त लिहिल्याने कुणाचं अडत नाही, कमी लिहिल्याने अडतं. पदवीचं प्रमाणपत्र, जन्मदाखला, जुने पगाराचे कागद माहेरच्या नावाचे असणारच, ते बदलायच्या भानगडीत पडू नकोस. हा रकाना आणि लग्नाचं प्रमाणपत्र मिळून त्यांना तुझ्याशी जोडतात.

सहीचंही सांगते. नाव बदललं म्हणून सही बदलायलाच हवी असं नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला सही इंग्रजीतच हवी, वाचता आलीच पाहिजे, अशी अट नाही. तू नेहमी जशी करतेस तशी हवी. देवनागरीत करत असशील तर देवनागरीत कर, पण मग सगळीकडे तीच.

विमानाचं तिकीट पासपोर्टवरच्या नावाने. हनिमूनचं तिकीट काढणाऱ्या नवऱ्याला हे आजच बजाव. उत्साहात तो नवं आडनाव टाकेल आणि पासपोर्ट जुनाच असेल.

तिथे पोचलीस की पहिल्या आठवड्यात टपालपेटीवर तुझं नाव चिकटव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. ग्रीन कार्ड आणि सोशल सिक्युरिटी कार्ड टपालाने येतात, आणि पेटीवर नाव नसेल तर पाकीट परत जाऊ शकतं. घर बदललंस तर १० दिवसांत एआर-११ भरून पत्ता कळव. फॉर्म दरवेळी सरकारी संकेतस्थळावरून ताजा उतरवून घे. खाली कोपऱ्यात आवृत्तीची तारीख असते. मैत्रिणीने दिलेली जुनी पीडीएफ भरलीस तर अर्ज परत येऊ शकतो.

भारतातलं विसरू नकोस. पासपोर्टवर नाव बदललंस तर पॅन, आधार आणि बँकेचं केवायसीही त्याच नावाने करून घे, शक्यतो निघायच्या आधी. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंगची चूक होऊ देऊ नकोस.

आज निर्णय होत नसेल तर सरळ माहेरच्या नावाने जा. अमेरिकन नागरिकाची पत्नी म्हणून, त्याच्यासोबत राहत असशील तर, ग्रीन कार्डनंतर ३ वर्षांनी नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज करता येतो. त्या अर्जात नाव बदलायची विनंती करता येते, आणि शपथविधी कोर्टात झाला तर न्यायाधीश ते मंजूर करतात. आडनाव, मधलं नाव, अगदी नवऱ्याचं नाव मधेसुद्धा, जे हवं ते तेव्हा एकदम होतं आणि नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावरच छापून येतं. मात्र त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करणं आणि ओसीआय कार्ड घेणं हे टप्पे आहेत, आणि तिथे जुन्या नावाची नव्या नावाशी सांगड पुन्हा दाखवावी लागते. म्हणून कापलेल्या कोपऱ्याचा जुना पासपोर्ट, लग्नाचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक अर्जाची पावती एकाच फाइलमध्ये ठेव. ती फाइल नवऱ्याच्या नाही, तुझ्या कपाटात.

आणि सासूबाईंनी काही विचारलंच, तर त्यांना सांग की कागदावरचं नाव व्हिसाचं काम होईपर्यंत जसंच्या तसं ठेवायला मावशीने सांगितलं आहे. घरात त्यांनी ज्या नावाने हाक मारायची त्या नावाने मारू देत, ‘ओ’ द्यायला फॉर्म लागत नाही.