भाऊ, तुम्हीच तर तसं मारता

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. तीन दिवस आभाळ हटलं नव्हतं, आणि द्राक्षवाल्याला ढगाळ हवा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. नेमकं त्याच आठवड्यात वडिलांना नाशिकला दवाखान्यात दाखल करावं लागलं. मी खाटेशेजारी आणि बाग तिकडे दिंडोरी तालुक्यात. सकाळी ट्रॅक्टरवरच्या पोराला फोन केला, "भुरीचं जरा बघून घे." तो म्हणाला, "हो भाऊ." मला वाटलं, काम सोपवून झालं.

फेब्रुवारीत काढणीआधी मण्यांचा नमुना तपासणीला गेला. अहवालात एका बुरशीनाशकाचा अंश मर्यादेच्या वर. अडीच एकर थॉमसन, आठ महिने जपलेली, युरोपच्या वाटेवरून एका कागदाने खाली उतरली. माल शेवटी गावातल्या व्यापाऱ्याला दिला, किलोमागे तीस रुपये कमी घेऊन. त्या दिवशी शेडसमोर, सगळ्या मजुरांदेखत, मी त्या पोराला नको नको ते बोललो. तो खाली मान घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "भाऊ, तुम्हीच तर तसं मारता. आभाळ आलं की यादीतल्यापेक्षा जास्त. मी तुमचंच बघून शिकलो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच मी तसं मारायचो, फक्त काढणीला भरपूर दिवस असताना. तो फरक माझ्या डोक्यात होता. त्याच्या डोक्यात कसा असणार? मी कधी सांगितलाच नव्हता.

मला एक घमेंड होती, ती कबूल करतो. मालक स्वतः राबला की माणसं आपोआप राबतात, अशी. पहाटे चारला ब्लोअर मी जोडायचो, छाटणीनंतर काडीला पेस्ट लावायला पहिल्या ओळीत मी असायचो, डिपिंगच्या वेळी बायांच्या बरोबरीने घड बुडवायचो. गावात कौतुकही व्हायचं. पण लोक आपले कष्ट बघून शिकतात तसे आपले शॉर्टकटही शिकतात, आणि शॉर्टकट जास्त लवकर शिकतात. फवारणीची नोंदवही मी हंगामाच्या शेवटी एका बैठकीत भरायचो. रोज लिहिल्यासारखी दिसावी म्हणून तीन वेगवेगळ्या शाईचे पेन घेऊन. ते पेन गावातल्या दुकानातून आणून कोण द्यायचं? तोच पोरगा. नोंद म्हणजे दाखवायची गोष्ट, हे त्याला माझ्याइतकं चांगलं कोणी शिकवलं नसतं.

दुसरी चूक जास्त खोल होती. मी सगळीकडे स्वतः हजर असल्यामुळे 'का' हा प्रश्न कोणाला कधी पडलाच नाही. निर्यातीच्या बागेची नोंदणी, अपेडाने 2006 पासून सुरू केलेली ग्रेपनेटची पद्धत, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी, कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं, हे सगळं मी मोबाइलमध्ये ठेवायचो. माणसांना फक्त हुकूम. 2010 साली याच जिल्ह्याने केवढा मार खाल्ला होता! खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखायला मारलेल्या लिहोसिनचा अंश काही महिन्यांनंतर मण्यांत निघाला, युरोपने माल नाकारला आणि कित्येक बागायतदार कर्जात गेले. मला ते पाठ होतं. आमच्या पोराने लिहोसिनचं नाव ऐकलं होतं, पण ही गोष्ट नाही.

भांडणानंतर चार दिवसांनी मीच त्याला शेततळ्यावर घेऊन गेलो. माफीचे शब्द मला नीट जमले नाहीत, म्हणून हिशेब सांगितला. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोला 0.01 मिलिग्रॅमच चालतं. म्हणजे दहा कोटी भागांत एक. "हे तळं एक कोटी लिटरचं. यात एक कप चहा ओतला तर किती, तेवढं." तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग भाऊ, आधीच्या औषधाची टाकी नुसती एकदा खंगाळून नाही चालणार. नळ्यांत राहतंच की."

हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. खरं तर माझ्याही ध्यानात नव्हतं. सात वर्षं त्याच्याकडून ट्रॅक्टर चालवून घेतला, डोकं कधी मागितलं नाही.

आता शेडच्या भिंतीवर काळा फळा आहे. प्लॉट, औषध, प्रमाण, मारल्याची तारीख आणि त्या औषधानंतर लवकरात लवकर काढणी कधी, ही शेवटची तारीख मोठ्या अक्षरात. लिहायचं त्याने. माझ्यासाठी नियम एकच आणि तो पाळणं सगळ्यात अवघड गेलं: फळ्यावर चढल्याशिवाय टाकीत काही पडणार नाही, मी मालक असलो तरी. पुढच्याच जानेवारीत आभाळ आलं आणि जुनी सवय उसळली. मी बाटली उघडली. पोरगा फळ्यापाशी जाऊन उभा राहिला. बोलला काहीच नाही, नुसता उभा राहिला. मी झाकण लावलं. ते दहा-बारा मजुरांनी पाहिलं. पहाटे चारला उठून जे वर्षानुवर्षं झालं नव्हतं, ते त्या झाकणाने झालं. त्या दिवसापासून लोक मलाही अडवू लागले.

काम सोडून देणं म्हणजे सोपवणं, असा गैरसमज मात्र करून घेऊ नका. तो मी एका वर्षी केला. विरळणीचं काम सुरगाण्याकडच्या टोळीला उक्तं दिलं आणि 'आता तुमचं तुम्ही बघा' म्हणून मोकळा झालो. उक्त्या कामात हात पळतो. घड दाट राहिले, मणी एकमेकांना चेपून फुटले. हल्ली पहिल्या दिवशी मी आणि मुकादम मावशी मिळून एकच घड करतो, शंभराच्या आसपास मणी ठेवून. तो ओळीच्या तोंडाशी तसाच राहतो; बाकीच्यांना त्या दाखवतात, मी नाही. तिसऱ्या दिवशी चक्कर, पुन्हा आठव्या दिवशी. मधे ढवळाढवळ करायची नाही. त्यांनी एखाद्या बाईला ओळ बदलून दिली तर कारण विचारायचं, निर्णय फिरवायचा नाही. हे लिहायला सोपं आहे. बांधावर उभं राहून गप्प बसणं मला अजून जड जातं.

सोपवण्याचा विषय निघाला की मला आठवतात आमच्याच तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा बाबासाहेब आंबेडकर स्वतः नाशिकला पुढे होते. मग त्यांना गोलमेज परिषदेसाठी लंडनला जावं लागलं, आणि इथली बाजू गायकवाडांनी सांभाळली. लढा वर्षानुवर्षं चालला. 1934 मध्ये तो थांबवावा असं बाबासाहेबांना वाटलं, तेव्हाही त्यांनी गायकवाडांना पत्र लिहिलं ते कारणांसह: मंदिरप्रवेश हे साध्य नव्हतं, समाजाला जागं करण्याचं काम त्यातून झालं, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. कुठे तो लढा आणि कुठे माझी अडीच एकर बाग, तुलना करायची माझी लायकी नाही. पण लंडनला जाणारा माणूस इथल्या माणसाला 'का' सांगत होता आणि मी नाशिकच्या दवाखान्यातून चार शब्दांत फोन ठेवला होता, हे मनातून जात नाही.

गेल्या हंगामात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ऐन जानेवारीत. तीन आठवडे बागेत पाऊल टाकलं नाही. रोज संध्याकाळी फळ्याचा फोटो मोबाइलवर यायचा, त्यात एके दिवशी खाली लिहिलेलं होतं, 'आज मारलं नाही, वारा होता.' नमुना पास झाला.

गोडी छाटणी जवळ आली आहे. शेडमध्ये फळा नसेल तर या आठवड्यात लावा, आणि खडू तुमच्या खिशात ठेवू नका.