‘झीज’ आणि ‘भंजन’ : अस्थिविचारातील दोन रूपके

मराठीने हाडाला स्थैर्याचे प्रतीक मानले आहे. अंगभूत वृत्ती सांगावयाची झाल्यास ‘हाडाचा शिक्षक’ असे म्हटले जाते. मुरलेली सवय ‘हाडीमाशी खिळते’. अतोनात कष्ट करणारा ‘हाडांची काडे’ करतो. दधीची ऋषींच्या अस्थींपासून इंद्राचे वज्र घडल्याची पुराणकथा याच धारणेला धरून आहे. या प्रयोगांत हाड ही एकदाच घडलेली, न बदलणारी, फार तर वापराने झिजणारी वस्तू ठरते. आधुनिक जीवशास्त्राने उभे केलेले चित्र याच्या जवळजवळ उलट आहे. हे अंतर केवळ परिभाषेचे नाही. रुग्ण आपल्या शरीराशी कसा वागतो हेही त्यावर अवलंबून असते.

प्रौढ मनुष्याच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी मोडला जाऊन नव्याने बांधला जातो. मोडण्याचे काम करणाऱ्या पेशींना जर्मनीत कार्य करणाऱ्या कोलिकर या शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये ‘हाड मोडणारी’ अशा अर्थाचे ग्रीक मूळाचे नाव दिले; मराठीत त्यांना अस्थिभंजक पेशी म्हणता येईल. रक्तातील भक्षकपेशींच्या कुळात त्यांचा जन्म होतो. अनेक पेशी एकत्र मिळून एक बहुकेंद्रकी भंजक तयार होतो. तो हाडाला चिकटून खालची जागा बंदिस्त करतो, आम्ल सोडून खनिज विरघळवितो आणि नंतर विकरांच्या साहाय्याने उरलेले प्रथिनांचे जाळे तोडतो. अर्थात ही झीज नव्हे. हे नियोजित पाडकाम होय.

मग पाडकामाची आज्ञा कोण देतो? परावटू ग्रंथींचे संप्रेरक वाढले की हाड अधिक मोडते, हे पूर्वीपासून ज्ञात होते. परंतु त्या संप्रेरकाचे ग्राही आढळले ते हाड बांधणाऱ्या पेशींवर. यावरून रोडन आणि मार्टिन यांनी १९८१ मध्ये असे सुचविले की आज्ञा प्रथम बांधणारा ऐकतो आणि तोच ती मोडणाऱ्याकडे पोहोचवितो. १९९७-९८ च्या सुमारास या निरोपाची साखळी हाती लागली. बांधणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर ‘रँक-लायगँड’ नावाचे प्रथिन असते. हाडात गाडल्या गेलेल्या अस्थिपेशी हा त्याचा मोठा स्रोत असल्याचे पुढे दिसून आले. भंजकांच्या पूर्वपेशींवरील ‘रँक’ या ग्राहीला ते जुळले की त्या पेशी पक्व होऊन कामाला लागतात. याच वेळी बांधणाऱ्या पेशी ‘ऑस्टिओप्रोटेजेरिन’ हे दुसरे प्रथिन सोडतात. ते ग्राहीसारखेच लायगँडला धरून ठेवते, पण निरोप पुढे जाऊ देत नाही. हाडाचे भवितव्य या दोहोंच्या प्रमाणावर ठरते.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. दिल्लीत १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने संस्कृत धातूंवर आधारित अखिल भारतीय शब्दांना प्राधान्य दिले. ‘ग्राही’ हा त्याच जातीचा शब्द. पण मराठी वाचकाला तो परका वाटत नाही, कारण ‘गुणग्राही’ या शब्दात निवडून स्वीकारण्याची अर्थच्छटा आधीच आहे, आणि ग्राही नेमके तेच करतो. ऑस्टिओप्रोटेजेरिनसाठी मात्र ‘तोतया ग्राही’ हा शब्द अधिक बोलका ठरेल. आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडल्यानंतर त्यांचा जो तोतया उभा राहिला, त्याला १७७६ मध्ये देहान्त शासन झाले. तोतया खऱ्याची जागा बळकावतो, एवढे साम्य अचूक आहे. भेद इतकाच की राज्य पोखरणारा तो तोतया होता, हा राखणारा आहे. रूपक स्वीकारताना हा भेद सांगणे अगत्याचे आहे.

या साखळीचे सामाजिक रूप दिल्लीतच दिसते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भरपूर ऊन असलेल्या या शहरातील निरोगी व्यक्तींमध्येही ‘ड’ जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळले. हे जीवनसत्त्व कमी झाले की आतड्यातून कॅल्शियमचे शोषण घटते, परावटू संप्रेरक वाढते, लायगँड वाढते आणि रक्तातील उणीव हाड मोडून भरली जाते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्यानेही पारडे भंजनाकडे झुकते. २०१० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘डेनोसुमॅब’ हे प्रतिपिंड लायगँडलाच अडविते, म्हणजे तोतयाचेच काम करते. मात्र ते अचानक थांबविल्यास भंजन पुन्हा उसळते.

‘हाडे झिजली’ असे म्हणणारी वृद्ध स्त्री साहजिकच ती वापरणे कमी करते. झिजणाऱ्या वस्तूला जपावे, हे त्या शब्दातच सुचविलेले असते. वस्तुतः हाडावर भार पडला की त्यातील पेशी बांधणीला अनुकूल संकेत देतात. अंथरुणाला खिळलेल्याचे हाड अधिक वेगाने घटते. आपल्या भाषेतील रूपक येथे अनवधानाने रोगाचा पक्ष घेते. म्हणून शास्त्रीय मराठीचे कार्य केवळ प्रतिशब्द पुरविण्याचे नाही. जुन्या शब्दांत दडलेले निष्कर्ष उघड करणे हेही तिचेच कार्य होय.