अर्क ओतण्याआधी उतार बघा

सानपाड्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत एक मोकळी पट्टी आहे. पावसाळ्यात आम्ही चार-पाच जणी तिथे अळू, भेंडी, पालक आणि झेंडू लावतो. पट्टीच्या खालच्या टोकाला कमळाचं टाकं आहे. डास होऊ नयेत म्हणून त्यात गप्पी मासे सोडले होते. त्यांना रोज दाणे टाकायचं काम शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीने आपणहून घेतलेलं. जुलैतल्या एका सकाळी तिनेच बेल वाजवून मला खाली नेलं. सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. तिने मोजले होते, एकेचाळीस. ते माझ्यामुळे मेले होते.

त्या वर्षी शंखी गोगलगायींनी उच्छाद मांडला होता. संध्याकाळी पाहिलेल्या रोपाचा सकाळी नुसता देठ उरायचा. सोसायटीत मुलं खेळतात, मांजरं फिरतात, म्हणून विषारी गोळ्या नको होत्या. रिठ्याच्या पाण्याने गोगलगायी मरतात असं ऐकलं आणि तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून अर्धा किलो रिठा आणला. फोडून रात्रभर भिजवला, उकळला, गाळला आणि झारीने सगळ्या वाफ्यांवर ओतला. झाडाचंच आहे, त्याने कुणाचं काय वाईट होणार, एवढाच माझा विचार. रात्री धो धो पाऊस झाला आणि वाफ्यांतलं पाणी उताराने टाक्यात गेलं.

गोगलगायींचं काय झालं? नखाएवढी पिल्लं मेली. मोठ्या मात्र अंग शंखात ओढून बसल्या आणि दुसऱ्या रात्री पुन्हा अळूवर चढल्या.

रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे. गोगलगायीच्या ओल्या अंगाला ते जसं बाधतं, तसंच माशांच्या कल्ल्यांनाही. इथिओपियात १९६४ साली अक्लिलू लेम्मा या शास्त्रज्ञांच्या एक गोष्ट नजरेस आली. बायका एन्डोड नावाच्या झुडपाची फळं साबणासारखी वापरून नदीवर धुणं धूत आणि तिथून खालच्या अंगाला गोगलगायी मरून पडलेल्या असत. त्यातूनच बिलहार्झिया हा रोग पसरवणाऱ्या गोगलगायींवर वनस्पतीचा उपाय पुढे आला. म्हणजे अर्कात ताकद आहे, यात शंका नाही. पण पाणी जिथे जाईल तिथे ती ताकदही जाते. माझ्या माहेरी गेळाची फळं कुटून डोहात टाकायचे आणि गुंगलेले मासे धरायचे. ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी रिठा ओतताना मला ते आठवलं नाही. याचंच मला सर्वात वाईट वाटतं.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद जिल्ह्यांत याच शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं आणि कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. औसा तालुक्यातल्या माझ्या मावसभावाने तेव्हा फोनवर विचारलं होतं, "ताई, तंबाखूचा काढा मारू का?" आज त्याला जे सांगते, तेच तुम्हालाही सांगते.

तंबाखूच्या काढ्यातलं निकोटीन कातडीतूनही अंगात भिनतं. मळमळ, चक्कर, उलट्या होतात. निकोटीन सल्फेट शेतात वापरायला आपल्या देशात बंदी आहे. तोच पदार्थ घरी उकळला म्हणून सौम्य होत नाही. शिवाय टोमॅटो-मिरचीवर तंबाखूतून मोझॅक विषाणू येऊ शकतो. पालेभाजीवर तर हा काढा मुळीच नको. त्यात मोरचूद मिसळलं तर मासे आणि गांडुळं दोन्ही जातात.

रिठा वापरायचाच असेल तर आधी पाणी कुठे वाहतं ते बघा. विहीर, शेततळं, ओढा, टाकं जवळ असेल तर नको. आपल्या नवी मुंबईत पावसाळी गटारांचं पाणी शेवटी खाडीलाच मिळतं, हेही ध्यानात ठेवा. आभाळ भरलेलं असताना ओतू नका. पूर्ण वाफ्यावर न ओतता दिसेल त्या गोगलगायीवर थोडासा टाका. निंबोळी अर्काने पानं कडवट होतात, पण त्याने गोगलगायी मरतील अशी आशा धरू नका.

खरं काम हाताचं आहे. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वाफ्याच्या कडेला पसरा. पहाटे उलटली की खाली गोगलगायी सापडतात. हातमोजे घालूनच उचला, कारण त्यांच्या अंगात मेंदूला इजा करणारा जंत असू शकतो. मुलांना यात घेऊ नका. मिठाच्या किंवा साबणाच्या घट्ट पाण्याच्या बादलीत टाका आणि मेल्यावर खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. मीठ वाफ्यात मात्र कधी टाकू नका, माती नासते. कडेने चार बोटं रुंद चुन्याची पट्टी ओढा आणि पावसाने धुतली की पुन्हा ओढा. विटा, पालापाचोळा, फुटक्या कुंड्या हलवा. नर्सरीतून आणलेल्या कुंडीची माती उकरून पाहा. आमच्याकडे गोगलगायी तिथूनच आल्या असाव्यात. शेजारचा वाफा सोडून आपलाच साफ केला, तर चार दिवसांत पुन्हा तेच.

सर्वात महत्त्वाची अंडी. या मूळच्या आफ्रिकन शंखी गोगलगायीत नर-मादी वेगळे नसतात, त्यामुळे प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, एका वेळी शंभराच्या वर. साबुदाण्यासारखा पांढुरका पुंजका मातीत बोटभर खोल असतो. तो उचलून मिठाच्या पाण्यात टाकला की शंभर रोपखाऊ पिल्लं जन्मतच नाहीत. त्यासाठी कसलाच अर्क लागत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही सगळ्या जणींनी वाटून घेऊन रोज पहाटे गोणपाटं उलटली. पहिल्या आठवड्यात बादली भरायची, ऑगस्टअखेर तळही झाकेना. मग टाक्यात पुन्हा गप्पी मासे सोडले. ती मुलगी पुन्हा दाणे टाकते, पण आधी टाक्याच्या वरच्या अंगाला उभी राहून मला विचारते, "आज काही ओतलं नाही ना काकू?"