अद्भुतकथा आणि अध्यापन : एक विचार

(बी. ए. द्वितीय वर्ष)

'गोष्टी सांगून का कुठे अभ्यास होतो?' हा प्रश्न आपल्याकडे पालकही विचारतात आणि पुष्कळदा शिक्षकही. राजा-राणी, राक्षस, उडणारा घोडा, बोलणारा पोपट हे सारे झोपण्यापूर्वीचे, आणि गणित, विज्ञान, इतिहास हे शाळेचे, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. अलीकडे या पहिल्या गटात छोटा भीम, बाहुबली आणि हॅरी पॉटर यांचीही भर पडली आहे. मुलांचे अर्धेअधिक मन ज्या जगात वावरते, ते जग वर्गाच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवायचे, असा हा रिवाज आहे. तो योग्य आहे काय? अद्भुताचा उपयोग शिकवण्यासाठी करता येईल काय? आणि करता आला तर तो कोणत्या रीतीने करावा? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विषयाकडे मी वळले त्याला कारण आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. सिहोऱ्यातील पाचवी ते सातवीची दहा-बारा मुले संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला बसतात. त्यांच्या घरी कोणी झाडीबोली बोलते, कोणी पोवारी. पुस्तकातील मराठी समोर आली की ही मुले गप्प होतात. गोष्ट निघाली की मात्र तीच मुले एकमेकांना बोलू देत नाहीत. मला पुढे शिक्षिका व्हायचे आहे. म्हणून या गप्प बसण्याचे आणि या बोलण्याचे कारण शोधणे मला अगत्याचे वाटते.

जुनी परंपरा

अद्भुतातून शिकवणे ही काही परदेशातून आलेली नवी टूम नव्हे. पंचतंत्राची प्रस्तावनाच पाहा. अमरशक्ती राजाच्या तीन मुलांना विद्येची गोडी नव्हती. विष्णुशर्म्याने त्यांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निपुण करण्याचा पण केला, आणि त्यासाठी त्याने सिंह, बैल, कोल्हे, कावळे आणि घुबडे यांच्या गोष्टी रचल्या. ही पाठ्यपुस्तकेच होत. सहाव्या शतकात ती पहलवी भाषेत गेली, आठव्या शतकात अरबीत 'कलीला व दिमना' झाली आणि तेथून युरोपात पोहोचली. एवढा प्रवास आजच्या कोणत्या पाठ्यपुस्तकाच्या नशिबी आहे?

माझ्या मते याहूनही वर्गाला उपयोगी अशी रचना वेताळपंचविशीची आहे. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या 'चांदोबा' मासिकाने विक्रम-वेताळ घरोघर पोहोचवले. आपल्या आईवडिलांच्या पिढीला ते चांगले ठाऊक आहेत. वेताळ गोष्ट सांगतो, पण तात्पर्य सांगत नाही. तो प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील, अशी अट आहे. शिक्षकाने याहून अधिक काय करावे? गोष्ट सांगावी, अडचणीच्या जागी थांबावे आणि उत्तर मुलांकडून काढावे.

यातील एक कथा मी मुलांना सांगितली. एका मुलीला तिघांची मागणी आलेली असते. लग्नाआधीच ती मरण पावते. एक जण तिच्या राखेपाशी राहतो, दुसरा अस्थी घेऊन गंगेवर जातो, तिसरा देशोदेशी फिरून तिला जिवंत करणारा मंत्र आणतो. ती पुन्हा उठते. आता ती कोणाची पत्नी? विक्रमाचे उत्तर असे की, मंत्राने जीव देणारा तो पिता, अस्थी नेणारा तो पुत्र आणि राखेपाशी राहिला तो पती. आमच्या वर्गात तिन्ही बाजूंनी जोराची भांडणे झाली. तेवढ्यात सातवीतील एक मुलगी म्हणाली, ''पण ताई, तिला कोनी इचारलं का जी?'' सारा वर्ग शांत झाला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील समानतेचा धडा आम्ही त्याच दिवशी वाचला, आणि तो मुलांना समजावून सांगावा लागला नाही.

आधुनिक काळातील शिक्षक

आधुनिक बालशिक्षणातही हा धागा आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या दंगेखोर वर्गात जातो आणि पुस्तक न उघडता गोष्टी सांगू लागतो. इतर शिक्षकांना अभ्यासक्रमाची काळजी पडते. परंतु गोष्टीच्या ओढीने मुले शांत बसू लागतात, वाचनाकडे वळतात, आणि इतिहाससुद्धा गोष्टीच्या वाटेने त्यांच्यापर्यंत पोहोचतो. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हे पुस्तक स्वतःच एक कल्पित कथा आहे. शिक्षणात काय घडू शकेल हे दाखवण्यासाठी गिजुभाईंनी कल्पनेचाच आधार घेतला.

ताराबाईंनी पुढे १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा निघाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यामागील विचार. मला तो केवळ जागेपुरता वाटत नाही. मूल ज्या कल्पनेच्या रानात भटकते, तेथेही शाळेने गेले पाहिजे.

विज्ञानाच्या बाबतीत डॉ. जयंत नारळीकर यांचे उदाहरण बोलके आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलट करून हे टोपणनाव घेतले होते. आपल्या मोठ्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये, ही त्यामागील भावना. एवढ्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाला मराठी वाचकापर्यंत विज्ञान नेण्यासाठी कथा लिहावीशी वाटली, हे कथेला कमी लेखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

इटलीतील जान्नी रोदारी या बालसाहित्यिकाने १९७३ साली कल्पनेचे व्याकरण सांगणारे एक पुस्तक लिहिले. 'असे झाले तर काय होईल?' हा प्रश्न त्याने शिक्षकांच्या हाती दिला. तो आपल्यालाही चालतो. बावनथडी नदी उलटी वाहू लागली तर कोणत्या गावांना पाणी मिळेल? या एका प्रश्नासाठी मुलांनी जिल्ह्याचा नकाशा जमिनीवर पसरला आणि उतार, उगम, संगम हे शब्द आपणहून वापरले.

अद्भुताचेही नियम असतात

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अद्भुत म्हणजे काहीही वाटेल ते, असे पुष्कळांना वाटते. इंग्रज लेखक टॉल्किन यांनी १९३९ साली परीकथांवर एक व्याख्यान दिले. हिरवा सूर्य असे नुसते म्हणणे सोपे आहे, पण ज्या जगात हिरवा सूर्य खरा वाटेल असे जग उभारणे कष्टाचे आहे, असा त्यातील एक विचार आहे. कल्पित जगालाही आतून सुसंगती लागते. मुलांना हे उपजत कळते. गोष्टीत राक्षसाचा जीव पोपटात असेल तर तो मध्येच तलवारीने मेलेला त्यांना खपत नाही.

हा नियमांचा बोध हाच अभ्यासाचा दरवाजा आहे. 'बाहुबली'च्या २०१७ सालच्या दुसऱ्या भागात सैनिक ताडाची झाडे वाकवतात, ढाली एकमेकींना भिडवून गोळा करतात आणि झाड सोडताच किल्ल्यात जाऊन पडतात. एका मुलाने विचारले, ''ताई, ताडाचं झाड एवढं वाकते का जी?'' मग आम्ही बांबूच्या दोन कांबी आणल्या, एक ओली, एक वाळलेली. ओल्या कांबीवर खडा ठेवून ती थोडी, मग जास्त वाकवून सोडली. खडा किती पावलांवर पडला ते मुलांनी वहीत लिहिले. जास्त वाकवली की खडा लांब जातो, हे दिसले. वाळलेली कांब तडकली. मग मुलांनीच पुढचा प्रश्न काढला : झाड मोडले नाही असे धरले तरी जमिनीवर आदळल्यावर आतल्या माणसांचे काय? स्थितिस्थापकता हा अवघड शब्द त्यानंतर आला आणि कोणालाही जड गेला नाही. येथे चित्रपटाची थट्टा करण्याचा हेतू नव्हता. त्या जगात जे चालते ते आपल्या जगात का चालत नाही, एवढेच पाहायचे होते.

गणिताचे उदाहरण घेऊ. बुद्धिबळाचा खेळ शोधणाऱ्याने राजाकडे पहिल्या घरासाठी १ दाणा, दुसऱ्यासाठी २, तिसऱ्यासाठी ४ असे दाणे मागितले, ही जुनी कथा सर्वांना ठाऊक आहे. आमचा तालुका धानाचा. तेव्हा आम्ही धानाचेच दाणे घेतले. दहाव्या घरात ५१२ दाणे येतात, म्हणजे मूठभरही नाहीत. मुले हसली. विसाव्या घरात ५,२४,२८८ होतात. तिसाव्या घरात ५३,६८,७०,९१२. हजार दाण्यांचे वजन जातीप्रमाणे साधारण २० ते २५ ग्रॅम धरले, तर एकट्या तिसाव्या घराचे धान शंभर क्विंटलांहून अधिक भरते. पोती उचलणाऱ्या बापाच्या मुलाला शंभर क्विंटल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सर्व ६४ घरांचे धान द्यायचे तर जगाचे आजचे भाताचे पीक चारशे वर्षे साठवूनही पुरणार नाही. घातांक या शब्दाची भीती त्या दिवशी गेली.

अद्भुत आणि अंधश्रद्धा

आता सर्वांत महत्त्वाच्या आक्षेपाकडे वळू. राक्षस, मंत्र, वेताळ वर्गात आणले तर मुले अंधश्रद्ध होतील, असे काही सुजाण मंडळींना वाटते. ही शंका क्षुल्लक नाही. करणी, भानामती यांवर विश्वास ठेवणारी माणसे आपल्या भागात आजही आहेत. माझ्या ओळखीच्या एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईबद्दल अशीच कुजबुज उठली, आणि काही दिवस मुलांना तिच्या अंगणातून जाऊ दिले जात नव्हते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही.

परंतु माझे मत असे की, अद्भुतकथा आणि अंधश्रद्धा या सख्ख्या बहिणी नाहीत, वैरिणी आहेत. कथा सुरुवातीलाच 'आटपाट नगर होते' असे सांगून आपण कल्पित असल्याचे कबूल करते. दंडारीत किंवा खडी गंमतीत बाईचे काम करणारा गडी आपल्याच गावचा आहे, हे ठाऊक असूनही आपण त्या सोंगात रंगतो. अंधश्रद्धा असे काही कबूल करत नाही. ती शेजारणीच्या दाराकडे बोट दाखवते आणि पुरावा मागू देत नाही. ज्या मुलाला 'हे गोष्टीत चालते, येथे चालत नाही' असा फरक करण्याची सवय लागली, ते मूल अशा कुजबुजीलाही प्रश्न विचारू शकते. त्या म्हाताऱ्या बाईचा विषय निघाला तेव्हा सहावीतील एक मुलगा म्हणाला, ''गोष्टीतल्या चेटकिनीला सारं करता येते, मग ही आजी पानी भराले बोअरिंगवर काहून जाते?'' त्याने तर्क केला होता. दुसऱ्या दिवशी तीन मुले तिची बादली घरापर्यंत घेऊन गेली.

काही पथ्ये

मात्र हे साधन वापरताना काही पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले असे की, गोष्ट हे औषधावरचे साखरेचे पूट होऊ नये. पाच मिनिटे छोटा भीम आणि मग तोच रटाळ धडा, यात मुलांची फसवणूक आहे. प्रश्न गोष्टीच्या पोटातूनच निघाला पाहिजे. दुसरे, गोष्टीतील दोषही वर्गात बोलले पाहिजेत. राजकन्या नेहमी गोरी आणि राक्षस नेहमी काळा का, हे उन्हात रोवणी करणाऱ्या आईच्या लेकरांनी विचारायला हवे. तिसरे, दूरदर्शन संच आणि मोबाइल यांतील नायकांबरोबर आजीच्या तोंडची गोष्टही वर्गात आली पाहिजे, आणि ती तिच्याच बोलीत सांगू दिली पाहिजे. चौथे, परीक्षा विसरून चालणार नाही. ज्यांच्या घरी शिकवणीला पैसे नाहीत, त्यांना गुणपत्रिकेचाच आधार असतो. म्हणून गोष्टीनंतर पुस्तक उघडलेच पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कथाकथनाधारित अध्यापनाचा उल्लेख आहे. तो कागदावर न राहता खेड्यातील शाळेपर्यंत यावा, ही अपेक्षा.

समारोप

तात्पर्य, अद्भुतकथा हे अभ्यासापासून पळण्याचे साधन नसून विचार करण्याची तालीम आहे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नसते, शब्दकोश नसतो, शंका विचारायला शिकलेले माणूस नसते. पण त्याच्या घरी गोष्ट असते. शाळेत येताना तो एवढी एकच शिदोरी घेऊन येतो. ती दाराबाहेर ठेवायला सांगणे म्हणजे त्याला रिकाम्या हाताने आत घेणे होय. आपल्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होतील. त्यांनी वर्गात पाऊल टाकताच पहिल्या दिवशी मुलांना एवढेच विचारावे : 'तुम्हाला कोणती गोष्ट येते?'