पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नको

अरे, घराचं कर्ज मंजूर झाल्याचे पेढे पोचले. दोघांचं अभिनंदन. आता उभी नोकरी बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या आत्याचं थोडं ऐक. कर्ज कुठून घ्यावं हे सांगणारे तुला ढिगाने भेटतील. पण कर्जात, कार्डात, खात्यात काही बिनसलं तर कुठे जायचं, हे सांगायला कुणी येत नाही. मग लोक एजंट गाठतात, त्याच्या हातावर पैसे ठेवतात आणि तो जो अर्ज करतो तो मुळात फुकट असतो.

बँकेच्या व्यवहारातली सगळ्यात भरवशाची मदत आपल्याकडे फुकटच आहे. फक्त ती दारावर येत नाही, आपण तिच्याकडे जायचं असतं, आणि जाताना हातात कागद लागतो. माझे सगळे कानमंत्र या एका गोष्टीभोवतीच फिरतात.

स्वतःहून फोन करतो तो मदतनीस नव्हे

"सर, तुमचा सिबिल स्कोअर वाढवून देतो", "कर्ज निम्म्यात मिटवून देतो" असा फोन आला की ठेवून द्यायचा. क्रेडिट रिपोर्टमधली खरी नोंद कुणाच्या बापाला पुसता येत नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसा लागत नाही. मग हा माणूस पैसे कशाचे घेतो? रिझर्व्ह बँक तर कुणाही माणसाला फोन करून पैसे मागत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. आधी फी मागणारा, ओटीपी किंवा पिन विचारणारा, मोबाइलची स्क्रीन दाखवायला सांगणारा आणि "आजच्या आज" म्हणून घाई करणारा, यातला कुणीही आपला नव्हे. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नको. तो कार्डाच्या मागे आणि पासबुकावर छापलेला असतो. बँकांच्या संकेतस्थळांचा पत्ता आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतो, ते शेपूट बघून मगच पुढे जा.

तोंडी तक्रार म्हणजे केलीच नाही

शाखेत जाऊन आवाज चढवणारे रोज येतात. संध्याकाळी शटर पडलं की त्यांचं नावही कुणाला आठवत नाही. जो अर्जाच्या दोन प्रती घेऊन येतो, एक देतो आणि दुसरी पुढे सरकवून "आवक शिक्का मारून द्या" म्हणतो, त्याला कुणी विसरत नाही. "साहेब जेवायला गेलेत", "उद्या या", "मेल करा ना" असं सगळं ऐकवलं जाईल. हसून बसून राहायचं. शिक्का, तारीख, सही, तिन्ही दिसल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. अगदीच दाद देत नसतील तर बँकेच्या तक्रारीच्या मेलवर लिही आणि तक्रार क्रमांक माग. तो क्रमांक हीही पोचच.

अर्ज एका पानाचा असावा. खाते क्रमांक, तारीख, रक्कम, काय झालं आणि मला काय हवं, एवढंच. "आपल्या बँकेकडून ही अपेक्षा नव्हती" वगैरे गाळ. त्याने वाचणारा मुद्द्यापर्यंत पोचतच नाही.

३० दिवस थांब, मग लोकपालाकडे जा

बँकेने तक्रार फेटाळली, अर्धवट उत्तर दिलं किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं दार उघडतं. २०२१ च्या नोव्हेंबरात बँका, बिगरबँक वित्तसंस्था आणि मोबाइल वॉलेट-पेमेंटवाले यांच्यासाठीचे वेगवेगळे लोकपाल एकत्र केले. त्यामुळे आपली तक्रार कुठल्या लोकपालाकडे, हा घोळ उरला नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर ती भरता येते. संगणक जमत नसेल तर कागदावर लिहून चंदीगडच्या केंद्राकडे पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. फी एक रुपयाही नाही. वकिलामार्फत केलेली तक्रार तर तिथे घेतच नाहीत, म्हणजे "लोकपालाकडे तुमची केस लढवतो" म्हणणारा काय लायकीचा, ते समज.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. बँकेकडे आधी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर अर्ज तिथून परत येतो. आणि कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा धंद्याचा निर्णय असतो, त्यात लोकपाल पडत नाही. जादा कापलेलं शुल्क, न विचारता गळ्यात मारलेला विमा, बंद केलेल्या कार्डाचं येत राहिलेलं बिल, ही त्याची कामं.

तिथे जमलं नाही तर ग्राहक आयोग आहे. व्यवहाराची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे दाव्याला फी नाही. आधी आयोगात जाऊन मग लोकपालाकडे वळलास तर लोकपाल हात लावणार नाही, म्हणून हा क्रम पाळ. अर्ज कसा लिहावा अशी शंका आली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायतही आहे.

आपला रिपोर्ट आपण वाचायचा

लोक 'सिबिल' म्हणतात, पण आपल्या कर्जफेडीचा क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०१६ चा हुकूम आहे. म्हणजे दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवलास तर वर्षभर फुकट नजर राहते. संकेतस्थळावर सशुल्क योजनांची बटणं ठळक असतात आणि फुकटचा दुवा कोपऱ्यात. तो शोध. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही.

स्कोअरचा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो. तो बघून पान मिटू नको. वर नाव, जन्मतारीख, पॅन तपास. मग खाती एकेक बघ. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात, त्यात हप्ता किती दिवस उशिरा आला ते लिहिलेलं असतं. ००० म्हणजे वेळेवर. तिथे ०३० दिसलं आणि तू तर हप्ता वेळेत भरलाय, तर खातेउतारा काढून लगेच तक्रार कर. शेवटी 'एन्क्वायरी'ची यादी असते. ज्या कंपनीचं तू नावही ऐकलेलं नाहीस तिने तुझा रिपोर्ट मागवला असेल, तर तुझ्या पॅनवर दुसराच कुणी कर्ज काढायला निघालाय असं समज. दुरुस्तीची तक्रार फुकट असते, आणि ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा २०२४ पासूनचा नियम आहे.

हप्ता चुकेल असं दिसलं की बँकेत आधी तू जा

नोकरी गेली, आजारपण आलं, की माणसं बँकेचे फोन उचलणं बंद करतात. नेमकं उलटं करायचं असतं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत-अनुत्पादक, ठरतं आणि मग शाखेतल्या माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही. त्याआधी गेलास तर मुदत वाढवणं, हप्ता कमी करणं यावर बोलता येतं. पगाराची पावती, दवाखान्याची बिलं घेऊन जा, मागणी लेखी दे आणि पोच घे.

क्रेडिट कार्डावर 'मिनिमम ड्यू' भरून सुटलो असं समजू नको. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला सरळ हिशेबानेही ४२ टक्के, आणि कार्डवाले सरळ हिशेब करत नाहीत. तडजोड करून कमी रकमेत मिटवलेल्या कर्जावर रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढचा सावकार तो आधी वाचतो. झेपत असेल तर पूर्ण फेडून 'क्लोज्ड' करून घे.

एकट्याने हिशेब जमत नसेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे आर्थिक साक्षरता केंद्र असतं. पुण्यात ही बँक म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्र, कोल्हापुरात बँक ऑफ इंडिया. या केंद्रातल्या समुपदेशकाने कुठल्या एका बँकेच्या योजना विकायच्या नसतात. तुझं उत्पन्न, खर्च, देणी मांडून कोणतं कर्ज आधी फेडायचं ते सांगायचं असतं, तेही विनामूल्य. मुंबईत मनीलाइफ फाउंडेशनही कर्जदारांना फुकट सल्ला देतं. जाताना सगळ्या कर्जांची यादी ने, मित्राकडून घेतलेले उसनेसुद्धा. डॉक्टरपासून दुखणं लपवून औषध मिळत नाही.

वसुलीवाला आला तर

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला मनाई आहे. शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा ऑफिसात फोन करून बदनामी, हेही चालत नाही. त्याच्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र माग. नंबर, वेळ, शब्द लिहून ठेव. पैसे रोख त्याच्या हातात देऊ नको, कर्जखात्यातच भर.

गहाण घरावर सरफेसी कायद्याची, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण ताब्यात घेण्याची, नोटीस आली तर ती ड्रॉवरमध्ये टाकायची नसते. थकबाकी भरायला ६० दिवसांची मुदत असते. हरकत लेखी घेतलीस तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, नंबर १५१००. स्त्रियांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी आकडा नीट वाच.

पतसंस्थेचं आणि सावकाराचं दार वेगळं

आपल्याकडे घोळ होतो तो इथे. नागरी सहकारी बँक वेगळी आणि पतसंस्था वेगळी. बँकेतल्या ठेवीवर मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, २०२० पासून. पतसंस्थेच्या ठेवीवर ते नाही आणि तिथे रिझर्व्ह बँकेचा लोकपालही नाही. तिची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे. व्याज टक्काभर जास्त दिसतं म्हणून ठेव हलवणाऱ्या काकांना हे सांग.

मित्राला जामीन राहायचं ठरवलंस तर एवढं समजून राहा: कर्ज त्याचं, पण फेडायची जबाबदारी तुझीही तेवढीच. पतसंस्थेच्या थकबाकीवर कलम १०१ ची नोटीस आली तर ती सहकार कायद्याखालची वसुलीची कारवाई असते. सुनावणीला हजर राहा. गैरहजर राहिलेल्या जामीनदाराच्या पगारातून कपात लागलेली मी पाहिली आहे.

खासगी सावकाराला महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवाना लागतो. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. तक्रार सहायक निबंधकाकडे करायची. बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत देण्याचा हुकूम काढायचा अधिकार त्या कायद्यात आहे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही मात्र कुणालाच देऊ नको.

खात्यातून पैसे गेले तर

आधी बँकेला कळव, त्याच दमात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर. आपण कसे फसलो याची चर्चा नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, वाटेत अडवता आले तरच हाती लागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तत्त्व स्पष्ट आहे: ओटीपी तूच दिला असलास तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेच्या माथी. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवायचा. इथेही पोचच कामाला येते.

कर्ज फिटलं तरी काम उरतं

शेवटचा हप्ता भरल्यावर ना-देय दाखला घे. घराचे मूळ कागद बँकेने ३० दिवसांत परत द्यायचे असतात. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. मग रिपोर्टमध्ये खातं 'क्लोज्ड' झालं का ते बघ. आईबाबांची जुनी, विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे, तेही फुकट. दहा वर्षं पडून राहिलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसांचा हक्क बुडत नाही.

या रविवारी एक फाइल कर. मंजुरीपत्र, वार्षिक खर्चाचा खरा टक्का दाखवणारं 'की फॅक्ट स्टेटमेंट', हप्त्यांचा तक्ता आणि प्रत्येक अर्जाची पोच तिच्यात लाव. आतल्या पानावर १४४४८, १९३०, १९१५, १५१०० हे नंबर लिही. आणि फाइल कुठे ठेवलीस ते सूनबाईला दाखव. कर्ज दोघांच्या नावावर आहे, तर माहितीही दोघांना हवी.