इंजेक्शन चालू असूनही पीएसए का वाढतो?

वस्तीत आम्ही रक्तदाब तपासायला बसतो, तेव्हा बाया पुढे येतात आणि पुरुष दाराशी उभे राहतात. सगळे उठून गेले की एखादी वहिनी हळूच म्हणते, "ताई, ह्यांना रात्रीतून पाच-पाच वेळा लघवीला उठावं लागतं. दवाखान्यात चला म्हटलं की अंगावर येतात."

असेच एक काका. हमाली करून कंबर दुखते म्हणून वर्षभर मलम चोळत राहिले. तपासणी झाली तेव्हा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पोचला होता. हार्मोनचे इंजेक्शन सुरू झाले, दुखणे थांबले, काका पुन्हा कामाला लागले. दीड वर्षाने रक्तातला पीएसए परत वाढला. "औषध खोटं निघालं" म्हणून घरच्यांनी इंजेक्शन बंद केले आणि जडीबुटीवाल्याकडे पैसे भरले. त्यानंतर आजार झपाट्याने वाढला. औषध खोटे नव्हते. मग पीएसए का वाढला, ते या वेळी समजून घेऊ.

प्रोस्टेट आणि हार्मोन

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी गाठ. तिच्यातून वीर्यातला पातळ भाग तयार होतो. ती टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर जगते. हे हार्मोन मुख्यतः वृषणांत बनते. ते बनवण्याचा निरोप मेंदूकडून येतो. थोडे पुरुषी हार्मोन मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीही बनवतात.

प्रोस्टेटच्या पेशीत या हार्मोनसाठी एक कुलूप असते. त्याला अँड्रोजन रिसेप्टर म्हणतात. हार्मोनची किल्ली बसली की कुलूप उघडते आणि पेशीला "वाढ" असा हुकूम जातो. कर्करोगाची पेशीही याच हुकमावर वाढते.

१९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस या डॉक्टरांनी दाखवले, की वृषणे काढली की पसरलेला प्रोस्टेट कर्करोगही मागे हटतो. हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा उपचार त्याच पायावर उभा आहे. महिन्याने किंवा तीन महिन्यांनी मिळणारे इंजेक्शन मेंदूचा निरोप तोडते. वृषणे काढण्याचे छोटे ऑपरेशन एकदाच होते, खर्च कमी येतो आणि हार्मोन तितकेच खाली येते. ज्याला दर वेळी मजुरी बुडवून इंजेक्शनला जाणे जमत नाही, त्याच्यासाठी हा चांगला मार्ग आहे. "नामर्द होईन" या भीतीने अनेक दादा तो नाकारतात. संबंधांची इच्छा इंजेक्शननेही कमी होते, हे कोणी त्यांना सांगत नाही. नवरा-बायको दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोलावे.

पेशी वाट शोधते

हार्मोन तोडल्यावर बहुतेक पेशी मरतात किंवा थंडावतात. काही तग धरतात. त्या एकाच्या जागी कितीतरी कुलुपे बसवतात, म्हणजे उरलेसुरले हार्मोनही पुरते. काही पेशी स्वतःच हार्मोन बनवू लागतात. काहींचे कुलूप मोडके असते, किल्लीशिवाय कायम उघडेच राहते. त्याला एआर-व्ही७ असे नाव आहे.

आता एक नवी गोष्ट. आपल्या डीएनएत शरीराचा सारा हिशोब लिहिलेला असतो. त्याची नक्कल म्हणजे आरएनए. ही चिठ्ठी वाचून पेशी प्रथिने बनवते, असे आम्ही नर्सिंगला शिकलो. पण डीएनएचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनांसाठी आहे. उरलेल्या भागातूनही पुष्कळ आरएनए निघतात. त्यांतून प्रथिन बनत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडे बरीच वर्षे लक्ष दिले नाही. पुढे कळले, की त्यांतले अनेक मुकादमाचे काम करतात. मुकादम स्वतः वीट उचलत नाही, पण कोणी किती काम करायचे ते तोच ठरवतो. अशा लहान आरएनएंच्या शोधासाठी व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ सालचे नोबेल मिळाले.

प्रोस्टेटच्या कर्करोगात हे मुकादम बिघडतात. हॉटेअर नावाचा आरएनए कुलपाला चिकटून बसतो. पेशी जुनी कुलुपे मोडीत काढते, पण हे कुलूप त्यातून वाचते आणि हार्मोन नसतानाही चालू राहते. २०१८ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या अरुल चिन्नय्यान यांच्या गटाने एआरएलएनसी-१ हा आरएनए दाखवला. कुलूप उघडले की तो वाढतो, आणि तो वाढला की कुलूप बनवण्याची चिठ्ठी जास्त टिकते. म्हणजे दोघे एकमेकांना पोसतात. उलट मिर-३४ सारखे लहान आरएनए वाढीला लगाम घालतात, आणि या कर्करोगात अनेकदा तेच कमी पडतात.

म्हणून पीएसए वाढला, तर पेशीने दुसरी वाट शोधली असे समजावे. अशा वेळी डॉक्टर हार्मोनचे इंजेक्शन चालू ठेवूनच पुढचे औषध जोडतात. अबिरॅटेरोन सगळीकडचे हार्मोन बनणे रोखते. एन्झाल्युटामाइड कुलूपच अडवते. मोडके कुलूप असेल तर ही दोन्ही बहुधा कमी पडतात, तेव्हा डोसीटॅक्सेलची केमोथेरपी कामी येते.

फसू नका

१९९९ साली सापडलेल्या पीसीए-३ या आरएनएवरून लघवीची तपासणी तयार झाली. अमेरिकेत तिला २०१२ साली मान्यता मिळाली. एकदा तुकडा तपासून काही सापडले नाही, तर पुन्हा तपासायचा का, हे ठरवायला तिचा उपयोग होतो. सगळ्यांना तिची गरज नसते. या आरएनएंवर थेट काम करणारे प्रोस्टेट कर्करोगाचे मान्यताप्राप्त औषध अजून बाजारात नाही. "आरएनए शुद्ध करतो" असे सांगून कोणी बाटली विकत असेल, तर एक रुपयाही देऊ नका.

घरी काय करावे

- लघवीची धार बारीक होणे, रात्री वारंवार उठणे, लघवीत रक्त, न थांबणारी कंबरदुखी: लाज न धरता दाखवा. बहुतेकांना वयाने वाढलेली साधी गाठच असते. साध्या गाठीने आणि जंतुसंसर्गानेही पीएसए वाढतो, त्यामुळे एका आकड्यावर घाबरू नका.
- वडिलांना किंवा भावाला हा आजार असेल, अथवा आई-बहिणीला कमी वयात स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर पंचेचाळिशीतच डॉक्टरांना विचारा. एरवी पन्नाशीनंतर.
- पहिल्या इंजेक्शनने सुरुवातीचे काही दिवस हार्मोन उलट वाढू शकते. म्हणून डॉक्टर आधी गोळ्या देतात, त्या चुकवू नका.
- या उपचाराने हाडे ठिसूळ होतात, वजन आणि साखर वाढू शकते, अंगातून गरम वाफा येतात. रोज चाला, तंबाखू-दारू सोडा, हाडांच्या गोळ्यांबद्दल विचारा.
- पाय अचानक लुळे पडले, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. मणक्यातली नस दबलेली असू शकते, उशीर झाला तर पाय परत येत नाहीत.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपला उपचार योजनेत बसतो का, ते पैसे भरण्याआधी त्याला विचारा. पीएसएचे सगळे कागद तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवा.

वहिनी, ताई, हे पान घरात मोठ्याने वाचा. दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर तेवढे तरी पडेल.